वरठीहून विमान उडवा: नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

ज्याला सायकल येते, पोहता येत नाही आणि ज्याच्या नोकरीची आशा घरच्यांनी सोडली आहे, अशा प्रत्येक होतकरू तरुणासाठी. साधारण १९०८ ते १९३० या काळात जगभर माणसं ज्या रीतीने विमान शिकली, तीच रीत इथे सोप्या भाषेत दिली आहे. या रीतीला रडार लागत नाही, रेडिओ लागत नाही, हवामान खातंही लागत नाही. धाडस तेवढं लागतं. ते अंगी नसेल तर चार माणसं जमवा, आपोआप येईल.

प्रशिक्षणाचं ठिकाण म्हणून वरठीची निवड विचारपूर्वक केली आहे. इथे रेल्वे आहे, सपाट धानपट्टा आहे, वैनगंगा जवळ आहे आणि जिल्ह्याचा सरकारी दवाखाना भंडाऱ्यात आहे. या चारही सोयींचा उपयोग पुढच्या धड्यांत होईल.

धडा पहिला: मैदान आणि वेळ

वर्ग दिवाळीनंतर, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की सुरू करावेत. पावसाळ्यात रोवणी चालू असताना कोणाच्या बांधीत विमान घातलंत तर अपघात विमानाचा होणार नाही, तुमचा होईल. मुंबईकरांचीही यातून सुटका नव्हती. १९२८मध्ये जुहूला बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला, पण ते मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई. म्हणून टाटांच्या टपाल-विमानांना पावसाळ्यात मुक्काम पुण्याला हलवावा लागे.

बांध्या सपाट असल्या तरी त्यांना धुरे असतात, हे विसरू नका. फ्रान्सचा कॅप्टन फर्दिनां फर्बर हा मोठा अभ्यासू माणूस होता. तिथल्या विमानविद्येच्या आद्य गुरूंपैकी एक. २२ सप्टेंबर १९०९ रोजी बुलोनला त्याचं विमान जमिनीला टेकलेलं असताना एका चरात अडकून उलटलं आणि इंजिनाखाली चेंगरून तो गेला. आकाशात त्याला काही झालं नव्हतं. तेव्हा मोटारीच्या वेगाने धुऱ्यावर जाऊ नये, हा या शास्त्राचा पहिला नियम समजा. बैलगाडीवाल्यांना तो आधीपासून ठाऊक आहे.

उड्डाणाची वेळ पहाटेची, नाहीतर तिन्हीसांजेची. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा उसळते आणि त्या काळच्या विमानाला एवढी उसळी पेलत नाही. वारा मोजायला यंत्र नको. बिडी पेटवा. धूर सरळ वर गेला तर उड्डाण, तिरपा गेला तर चहा. युरोपातल्या शाळांत याच कामाला हातरुमाल वापरत.

धडा दुसरा: विमानाशी ओळख

तुमचं विमान लाकडाचं असेल. लाकडावर कापड, कापडावर ते ताणून धरणारं रोगण आणि सगळं जागच्या जागी ठेवायला तारा. हे रोगण झटकन पेट घेतं. विमानात पेट्रोल आहे आणि मघाची बिडी तुमच्या हातात आहे. ती आधी विझवा, मग पुढे वाचा.

इंजिन बहुधा ‘नोम’ जातीचं, फिरतं. फिरतं म्हणजे आतला दांडा स्थिर राहतो आणि नळकांड्यांसकट अख्खं इंजिन पंख्याबरोबर गरगरतं. त्याला वंगण म्हणून एरंडेल लागतं, कारण एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. इंजिनात गेलेलं एरंडेल परत येत नाही. ते फवाऱ्यासारखं मागे उडतं आणि मागे तुम्ही बसलेले असता. चष्म्यावर, मिशीवर, तोंडात सगळीकडे ते जातं. लहानपणी आजीने नाक दाबून एरंडेल पाजलेल्या पिढीला परिणाम सांगायची गरज नाही. त्या काळच्या वैमानिकांच्या आठवणींत पोटाचं हे दुखणं वारंवार येतं. लांबच्या प्रवासाला निघताना नकाशाबरोबर याचाही विचार करावा.

एवढं जड इंजिन गरगरत असलं की त्याचा स्वतःचा एक हट्ट तयार होतो. पहिल्या महायुद्धातलं ‘सॉपविथ कॅमल’ उजवीकडे वळवलं की नाक खाली घालायचं आणि डावीकडे वळवलं की वर उचलायचं. कसलेल्या वैमानिकाने या हट्टाचा उपयोग शत्रूला चुकवायला केला. नवशिक्यांना मात्र उजवं वळण कायमचं महागात पडलं.

धडा तिसरा: गुरू कसा निवडावा

सुरुवातीच्या फ्रेंच शाळांत गुरू जमिनीवर उभा राही आणि विमानात शिष्य एकटाच बसे. जागाच एक होती. शिष्याला आधी ‘पेंग्विन’ देत. पंख आखूड कापलेलं हे विमान काही केल्या उडत नसे. ते मैदानावर सरळ रेषेत पळवता आलं की पुढचं विमान मिळे. ते थोडंसं उडे. मग त्याहून बरं. अशा रीतीने एक दिवस शिष्य हवेत जाई आणि आता खाली कसं यायचं हे विचारायला वर कोणी नसे.

पुढे दोन आसनांची विमानं आली, तेव्हा गुरूलाही सोबत बसावं लागलं आणि गुरूचा सूर बदलला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश प्रशिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना ‘हूण’ म्हणत. खरं तर ती शिवी जर्मन शत्रूसाठी होती. पण आपल्या जिवाला खरा धोका कोणापासून आहे, हे प्रशिक्षकांना अनुभवाने कळलं होतं.

यातून बाहेर काढलं ते रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्याने. १९१७मध्ये इंग्लंडातल्या गॉस्पोर्टला त्याने शिकवण्याची रीतच उलटी केली. शिष्याला खऱ्या वैमानिकाच्या जागी बसवलं आणि गुरू बोलायच्या नळीतून कानात सांगू लागला. अमुक करू नकोस एवढंच सांगून तो थांबत नसे. जे करायचं नाही तेच मुद्दाम करून दाखवायचा, आणि मग त्यातून सुटायचं कसं, का, हे समजावायचा. गुरू निवडताना हा एक प्रश्न विचारा: ‘गुरुजी, असं का?’ उत्तर आलं तर त्याच्याकडे शिका. ‘गप बस’ आलं तर वरठी स्टेशन जवळच आहे.

चांगला गुरू आणि बरी यंत्रं असली की काम लवकर होतं. जे. आर. डी. टाटा जुहूला चार तासांपेक्षाही कमी शिकवणीनंतर एकटे उडाले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. त्याचा क्रमांक होता १.

धडा चौथा: बसायचं कसं

घट्ट. पट्टा नावाची वस्तू त्या काळी सर्वमान्य झालेली नव्हती. कित्येक बहाद्दरांना तो भित्रेपणाचा वाटे. ३१ डिसेंबर १९१० रोजी न्यू ऑर्लिन्सजवळ जॉन मॉयझंट उतरता उतरता विमानाबाहेर फेकला गेला. हॅरिएट क्विम्बी ही अमेरिकेची पहिली परवानाधारक महिला वैमानिक. १ जुलै १९१२ रोजी बॉस्टनजवळ तिचं विमान अचानक पुढे कलंडलं आणि आधी प्रवासी, मग ती स्वतः बाहेर पडली. रिकामं विमान त्यानंतर आपोआप बऱ्यापैकी खाली आलं. या धड्याचा एवढाच सारांश आहे: विमान वाचतं, तेव्हा आपण त्यात असावं.

डोक्याचीही काळजी घ्या. १७ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेत फोर्ट मायरला ऑर्व्हिल राइटच्या विमानाचा पंखा मोडला, त्याने एक तार कापली आणि विमान कोसळलं. सोबत बसलेला लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज डोक्याला मार लागून गेला. यंत्रशक्तीच्या विमानाने घेतलेला हा पहिला बळी. त्यानंतर वैमानिकांच्या डोक्यावर जाड टोप्या दिसू लागल्या.

टोपीने सगळं भागत नाही. ‘सॉपविथ डॉल्फिन’ या लढाऊ विमानात वैमानिकाचं डोकं वरच्या पंखांमधल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर येई. समोरचं सगळं झकास दिसे. पण उतरताना विमान उलटलं तर जमिनीला पहिलं टेकणार ते डोकंच. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर १९१८मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर हेच विमान उडवत होते. उतरण्याचा धोका त्यांनी निभावला, शत्रूचा नाही निभावला. त्या वर्षीच्या जूनअखेर ते पाडले गेले आणि तिकडेच हँगार्डच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. ब्रिटिशांनी त्या युद्धात विमानाच्या वैमानिकांना पॅराशूट दिलं नव्हतं.

धडा पाचवा: गिरकी

वेग कमी झाला आणि नाक वर राहिलं की पंखांची हवेवरची पकड सुटते. एक पंख पडतो आणि विमान गोल गोल फिरत खाली येऊ लागतं. अशा वेळी माणूस काय करतो? जमीन अंगावर येताना दिसते म्हणून जिवाच्या आकांताने दांडी स्वतःकडे ओढतो. त्यामुळे पकड आणखी सुटते. पुढचं सांगायला सहसा कोणी परत येत नसे, म्हणून कित्येक वर्षं या गिरकीवर उपाय आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

२५ ऑगस्ट १९१२ रोजी विल्फ्रेड पार्क नावाचा ब्रिटिश नौदल अधिकारी अशाच गिरकीत सापडला. ओढून पाहिलं, जमलं नाही. शेवटी त्याने सुकाणू गिरकीच्या उलट्या बाजूला दाबलं आणि जमीन अगदी जवळ आली असताना विमान सरळ झालं. सगळ्यात मोलाचं काम त्याने खाली आल्यावर केलं: नेमकं काय काय केलं ते पाहणाऱ्या जाणकारांना तिथल्या तिथे सांगितलं. तोच पार्क त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या एका विमानात गेला. त्याचा उपाय मात्र मागे राहिला.

गृहपाठ: हात घट्ट आवळलेले असताना ते सैल सोडण्याचा सराव करा. हे घरी, जमिनीवर, जेवणाआधी करावं.

धडा सहावा: वाट कशी शोधावी

रूळ धरा. जगभरचे जुने वैमानिक हेच करत. नागपूरहून पूर्वेला निघालात की हावड्याचा रूळ खाली ठेवायचा आणि चालायचं. रस्ता चुकला तर खाली येऊन स्टेशनची पाटी वाचायची.

इथे वरठीच्या विद्यार्थ्यांना एक खास इशारा. आपल्या स्टेशनच्या पाटीवर वरठी लिहिलेलं नाही, भंडारा रोड लिहिलं आहे. परगावचा वैमानिक ती पाटी वाचून भंडाऱ्यात पोचल्याच्या आनंदात खाली उतरेल आणि मग भंडाऱ्याला जायला ऑटो शोधेल. पाटीच्या भरवशावर राहू नका. वैनगंगा दिसली तर भंडारा, पोलाद कारखान्याची धुराडी दिसली तर वरठी. धुराडी समोर दिसण्याऐवजी बाजूला दिसावीत, एवढी काळजी घ्या.

रात्री उडायची हौस असेल तर १९४९पर्यंत थांबा. त्या वर्षीच्या जानेवारीअखेर रात्रीची टपालविमानं सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात भेटत, टपालाच्या थैल्या बदलत आणि पहाटेपर्यंत घरी परतत. तोवर सगळ्यांनी दिवेलागणीला घरी यावं.

धडा सातवा: उतरणं

उडणं ऐच्छिक आहे, उतरणं सक्तीचं. जुन्या आंतरराष्ट्रीय परवान्याच्या परीक्षेत इंग्रजी आठच्या आकाराचे फेरे मारून इंजिन बंद करून उतरावं लागे आणि ठरलेल्या खुणेपासून ५० मीटरच्या आत थांबावं लागे. वरठीत ही खूण कोणाच्याही खळ्यात करू नये.

इंजिन वर असतानाच बंद पडलं तर शांत राहणं उत्तम. १९ जुलै १९०९ रोजी ह्युबर्ट लेथम इंग्लिश खाडी ओलांडायला निघाला आणि इंजिन बंद पडून समुद्रात उतरला. बोट पोचली तेव्हा तो तरंगत्या विमानावर बसून सिगारेट ओढत होता. सहा दिवसांनी लुई ब्लेरिओने खाडी ओलांडून नाव कमावलं, पण उतरताना त्याच्याही विमानाचे पाय मोडले. वैनगंगेत लेथमचा प्रयोग करायचा असेल तर हिवाळ्यात करा. उन्हाळ्यात तरंगायला पाणी पुरत नाही.

धडा आठवा: शर्यत

आतापर्यंतचे धोके लाकडाचे, तारेचे आणि वाऱ्याचे होते. सगळ्यांत धोकादायक भाग आता येतो. त्याचं नाव आहे ‘लोक काय म्हणतील’. तो विमानात बसवलेला नसतो, मैदानाच्या कडेला उभा असतो.

मे १९११मध्ये पॅरिस ते माद्रिद शर्यत सुरू झाली. मैदानाला लाखोंची गर्दी होती. एका स्पर्धकाचं इंजिन कुरकुरू लागलं म्हणून तो शहाणपणाने परत उतरायला आला. समोर घोडेस्वार आले, त्यांना चुकवताना तो मैदानात शिरलेल्या मंत्र्यांच्या घोळक्यावर गेला. फ्रान्सचे युद्धमंत्री ठार झाले, पंतप्रधान जखमी झाले. शर्यत थांबली का? नाही. माद्रिदला एकटा झ्यूल व्हेद्रीन पोचला. मान्यवरांसाठी सूचना: शुभेच्छा लांबून द्याव्यात.

ऑगस्ट १९२७मध्ये झालेल्या अमेरिकेतल्या ओकलंड ते होनोलुलू शर्यतीसाठी अननसाच्या एका व्यापाऱ्याने २५ हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. सुरुवात होण्याआधीच तयारीत तिघे गेले. रेषेवर आठ विमानं आली, पोचली दोन. ‘मिस डोरान’ नावाचं विमान इंजिन बिघडल्याने परत आलं होतं. आतली २२ वर्षांची शिक्षिका सुखरूप जमिनीवर उतरली होती. विमान दुरुस्त केलं, जमाव पाहत होता, ते पुन्हा निघालं आणि कधीच दिसलं नाही. बेपत्ता झालेल्यांना शोधायला गेलेलं विमानही बुडालं. एकूण दहा माणसं गेली.

अमेरिकेचा लिंकन बीची कसरतींचा बादशहा होता. लोक आपल्याला मरताना पाहायला येतात, असं म्हणून त्याने एकदा उडणं सोडलं. पण काही महिन्यांतच परतला. १४ मार्च १९१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत प्रचंड गर्दीसमोर त्याने सूर मारला, सावरताना पंख मोडले आणि तो खाडीत गेला.

आता आपल्या मुलखाची गोष्ट. जानेवारी १९११मध्ये औरंगाबादजवळ घोडदळाच्या लष्करी सरावात ‘बॉक्सकाइट’ विमान आणलं होतं. ते चालवायला ज्युलेरो आणि टेहळणीला कॅप्टन सेफ्टन ब्रँकर होता. तारा आणि कापडाच्या त्या सापळ्यातून ब्रँकर सुखरूप उतरला. पुढे तो ब्रिटनच्या नागरी विमानवाहतुकीचा प्रमुख झाला. ऑक्टोबर १९३०मध्ये ‘आर-१०१’ या अजस्र हवाई जहाजातून तो हिंदुस्थानकडेच निघाला होता. जहाजाच्या चाचण्या पुऱ्या झाल्या नव्हत्या. पण जहाजातल्या मंत्रिमहोदयांना कराचीला जाऊन ठरलेल्या परिषदेआधी लंडनला परतायचं होतं. फ्रान्समध्ये बोव्हेजवळ ते कोसळलं. ५४ पैकी ४८ जण गेले, त्यात मंत्री होते आणि ब्रँकरही होता. औरंगाबादच्या माळावरचा वारा त्याला काही करू शकला नाही. त्याचा घात तारखेने केला.

शर्यत नीट कशी हरावी, याचं उदाहरणही त्याच वर्षीचं आहे. इंग्लंड आणि हिंदुस्थानदरम्यान एकट्याने उडणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस ठेवलं होतं. जे. आर. डी. टाटा कराचीहून पश्चिमेला निघाले, तरुण अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून पूर्वेला. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून बसले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग दिले. अस्पी जिंकले. हरलेल्या जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणून टाटांची विमानसेवा सुरू केली. जिंकलेले अस्पी १९६०मध्ये हवाई दलप्रमुख झाले. दोघंही म्हातारे झाले. शर्यतीच्या इतिहासात ही दुर्मीळ गोष्ट आहे.

शंका-समाधान

*राजेहो, पहिलं विमान तर आपल्या तळपदेंनी १८९५ला चौपाटीवर उडवलं नं?*
तशी कथा आहे, विश्वासार्ह पुरावा नाही. त्या कथेत विमान बिनमाणसाचं होतं, एवढं लक्षात घ्या. त्यामुळे या पुस्तिकेतलं सर्वांत सुरक्षित उड्डाण तेच.

*घरचे नाही म्हणतात.*
त्यांना ही मार्गदर्शिका वाचायला देऊ नका.

*पण हे सगळं जुनं झालं का जी?*
यंत्रं बदलली. गोंदियाजवळ बिरसीला, इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या तळावर, आज पोरं-पोरी रीतसर विमान शिकतात. पट्टा आहे, रेडिओ आहे, हवामान कळतं. तरीही मार्च २०२३मध्ये तिथून निघालेलं एक प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात पडलं आणि प्रशिक्षक व शिकणारी मुलगी दोघंही गेली. त्या प्रश्नाचं उत्तर हसून देता येत नाही.

अंतिम परीक्षा

वेळ: पाच सेकंद. गुण: दहा.

प्रश्न: दुपारचे बारा वाजले आहेत. वरठीच्या मैदानावर मांडव पडला आहे. बँड वाजतो आहे, आमदार येऊन बसले आहेत, पाचशे रुपयांचं पाकीट ताटात ठेवलं आहे. मांडवाचं कापड फडफडतं आहे. इंजिन मधूनच एक ठोका चुकवतं आहे. सासुरवाडीची मंडळी तुमसरहून मुद्दाम आली आहेत. तुम्ही काय कराल?

(अ) उडाल. (ब) नारळ फोडून उडाल. (क) माईक मागून घ्याल आणि सांगाल, ‘आज उडत नाही.’ (ड) मेहुण्याला उडवाल.

योग्य उत्तर (क). यासाठी दांडी, सुकाणू, पंखा काहीही लागत नाही, आणि तरी या मार्गदर्शिकेतली सर्वांत अवघड कसरत हीच आहे. लोक चार दिवस हसतील, सासुरवाडी जरा जास्त दिवस. पाचव्या दिवशी पहाटे वारा पडेल, मैदानात कोणी नसेल, आणि उडवायला तुम्ही असाल.